चिबाच्या कोर्टातला बसड्रायव्हर

टोक्योतल्या हिगाशी-कसाईला नवऱ्याबरोबर राहायला आल्यावर मी रविवार सकाळच्या बॅडमिंटनला जायला लागले. वॉर्डाचं जिम होतं आणि येणारे बहुतेक साठीपुढचे जपानी आजी-आजोबा. ते आम्हा परदेशी लोकांना अगदी नम्रपणे हरवायचे. परदेशी आम्ही तिघं. मी पुण्याहून आलेली, एका आयटी कंपनीत टेस्टिंग करणारी. दुसरे एक अमेरिकन गृहस्थ, साठीला टेकलेले, जपानी बायकोबरोबर फुनाबोरीला राहणारे आणि इंग्रजी शिकवणारे. तिसरी एक मेक्सिकन बाई, माझ्याहून थोडी लहान, विद्यापीठात समुद्री शेवाळावर संशोधन करणारी. ती डॉक्टरेटसाठी इथे आली आणि इथेच राहिली, त्यामुळे तिचं जपानी आम्हा दोघांपेक्षा फारच चांगलं.

ते दोघं डबल्समध्ये जोडीदार होते. खेळ संपला की कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, कॉफी घेऊन आम्ही नदीकाठच्या बाकावर बसायचो. जगातल्या सगळ्या विषयांवर इथेच बोलणं व्हायचं.

अमेरिकन गृहस्थ देशभक्त होते, आणि ते लपवत नसत. त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला ते बाल्कनीत झेंडा लावत. एका वर्षी शेजारच्या आजींनी विचारलं, आज कसला सेल आहे का? ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे. पण झेंडा लावणं त्यांनी थांबवलं नाही. तरुणपणी ते तिकडच्या तटरक्षक दलात होते. मला वाटायचं, अशा माणसाची मतं काय असतील हे मला न विचारताच माहीत आहे.

मग त्यांच्या देशाने समुद्रात बोटी उडवायला सुरुवात केली. अमली पदार्थ नेणाऱ्या टोळ्यांच्या बोटी आहेत असं सरकार सांगायचं. वरून काढलेला व्हिडिओ दाखवायचे: एक बोट, मग उजेड, मग काही नाही. तिकडे त्यावरून मोठा वाद पेटला होता. एक बाजू म्हणायची, हे गुन्हेगार नव्हेत, शत्रू आहेत, आणि ज्याला त्यांचा कळवळा येतो तो कसला देशभक्त. दुसरी म्हणायची, खटला न चालवता माणसं मारायची तर कायदा हवाच कशाला. मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये हे सगळं वाचायचे. रविवारी या दोघांसमोर विषय काढावा की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला, आणि शेवटी कुतूहल जिंकलं.

मेक्सिकन मैत्रीण आधी बोलली. "उडवू देत," ती म्हणाली.

मी चमकले. मला वाटलं होतं ती चिडेल. तिने शांतपणे सांगितलं की तिचा मोठा भाऊ काही वर्षांपूर्वी कामावरून घरी येताना नाहीसा झाला. तो एका वकिलाकडे कारकून होता. त्याचं काय झालं ते कधीच कळलं नाही. तिची आई आता इतर आयांबरोबर गावाबाहेरच्या माळावर जाते. त्या लोखंडी सळई जमिनीत खोल ठोकतात, वर काढतात आणि टोकाचा वास घेतात. खाली माणूस पुरला असेल तर वासावरून कळतं. हे सगळं तिने शेवाळाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

अमेरिकन गृहस्थ बराच वेळ कॉफीचं झाकण बोटांनी फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी अशा बोटींवर चढलो आहे."

त्यांनी सांगितलं की बोटीत बहुतेक वेळा गरीब कोळी असायचे. घाबरलेले, उन्हाने सोललेले. हे त्यांना आधी पाणी द्यायचे, मग बेड्या घालायचे, आणि मग त्यांचे हक्क त्यांना वाचून दाखवायचे. नंतर कोर्टात जाऊन त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची. या गृहस्थांचा सख्खा भाचा नशेच्या विषारी गोळ्या घेऊन मेला होता, हेही मला त्या दिवशीच कळलं. राग त्यांनाही होता. पण ते म्हणाले, "मी ज्या झेंड्याखाली नोकरी केली, तो पकडलेल्या माणसाला कोर्टापर्यंत नेणारा होता. मला त्याचाच अभिमान आहे."

दोघांच्या मतांबद्दलचा माझा अंदाज असा पार उलटा निघाला. पुढे अमेरिकन गृहस्थांनी तिला विचारलं की अमेरिकन सैन्य मेक्सिकोत उतरलं तर? तेव्हा मात्र ती ताठ झाली. आपल्या मातीवर परक्या सैनिकाचा बूट तिला चालणार नव्हता. यात विसंगती आहे हे तिचं तिलाच दिसत होतं. तिने तसं कबूलही केलं, पण मत काही बदललं नाही.

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे काय होतं? मी त्यांना मुंबईतल्या एन्काउंटरबद्दल सांगितलं. माझं बालपण डोंबिवलीत गेलं. टोळीयुद्धांच्या त्या काळात कुणी गुंड पोलिसांच्या गोळीने मेला की आमच्या बिल्डिंगमध्ये लोक समाधानाने बोलायचे, आणि माझे बाबा, ज्यांनी कधी कुणाशी आवाज चढवून भांडण केलं नाही, ते पेपर बाजूला ठेवून म्हणायचे, बरं झालं, कोर्टाचा खर्च वाचला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता त्या बाकावर इंग्रजीत ते सांगताना वाक्य कानाला निराळं लागलं.

हिवाळ्यात मैत्रिणीचा मला फोन आला. एका वकीलबाईंना स्पॅनिश दुभाषी हवी होती. टोक्योजवळच्या चिबामधल्या नारिता विमानतळावर एक मेक्सिकन म्हातारा पकडला गेला होता. त्याच्या सूटकेसच्या खोट्या तळात अमली पदार्थ सापडले होते. कोठडीत त्याला भेटायला जाताना वकीलबाईंना कुणीतरी सोबत लागणार होतं. ओळखीतून ओळख निघत काम हिच्यापर्यंत आलं. म्हातारा हिच्याच भागातला होता, हिच्या गावापासून बसने थोड्या अंतरावरचा.

"जाऊ का?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुला जायचंय का? ती म्हणाली, त्याचं तोंड बघायचंय.

ती गेली, पुन्हा पुन्हा जात राहिली. आत काय बोलणं होतं ते तिने आम्हाला सांगितलं नाही. दुभाष्याला ते बंधन असतं. पण एक गोष्ट तिला आतून खात होती. तिच्या आईला फोनवर तिने सांगितलं होतं की त्या भागातल्या, अमली पदार्थांसह पकडलेल्या एका माणसाचं काम आहे. आई लगेच म्हणाली, त्याला विचार. तिकडच्या टोळीचा असेल तर त्याला ठाऊक असेल, माझा मुलगा कुठे आहे. आणि तिला विचारता येत नव्हतं. काचेपलीकडे तो माणूस, अलीकडे ही, आणि हिने फक्त दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे न्यायची. तिने वकीलबाईंची परवानगी मागून पाहिली. त्यांनी मान खाली घालून माफी मागितली आणि नाही म्हटलं.

इथे खटला कुणालाही बसून बघता येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ऑफिसात रजा टाकली. नवऱ्याने विचारलं, सुट्टी काढून चिबाच्या कोर्टात? मी म्हटलं, हो, बघायचंय. कोर्टात दुभाषी दुसरा होता, त्यामुळे मैत्रीण आमच्याबरोबर मागच्या बाकांवर बसली. अमेरिकन गृहस्थ कोट-टाय घालून आले होते.

म्हाताऱ्याला आणलं तेव्हा त्याच्या हातात बेड्या होत्या आणि कमरेला दोर बांधलेला होता. न्यायाधीश येण्याआधी दोन्ही काढले. समोरच्या उंच टेबलामागे तीन न्यायाधीश, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सहा साधी माणसं. इथे मोठ्या गुन्ह्यांच्या खटल्यात नागरिकांना निवडून बसवतात. त्यात विणलेलं करडं कार्डिगन घातलेल्या एक बाई होत्या. आमच्या स्टेशनजवळच्या बेकरीत दिसतील अशा.

म्हातारा शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. त्याने सांगितलं की त्याला टोळीच्या माणसांनी नातीच्या शाळेच्या फाटकाचा फोटो दाखवला. बाकी काही सांगायची गरज पडली नाही. त्याने सूटकेस उचलली. सरकारी वकिलाने विचारलं, मग पोलिसांकडे का गेला नाहीत? दुभाष्याने प्रश्न स्पॅनिशमध्ये सांगितला. म्हातारा दुभाष्याकडे न बघता न्यायाधीशांकडे बघून बोलला.

"सूटकेस ज्याने आणून दिली, त्याच्या अंगावर पोलिसाचाच गणवेश होता."

मग कार्डिगनवाल्या बाईंनी प्रश्न विचारायची परवानगी घेतली. त्या हळू आवाजात म्हणाल्या की नारिताला तुम्हाला विचारणारे अधिकारी आमचे होते, तिकडचे नव्हते. त्यांना खरं सांगावं असं वाटलं नाही का? म्हातारा म्हणाला की पोलीस म्हणजे पोलीस, एवढंच त्याच्या मनात होतं. बाईंनी ते लिहून घेतलं नाही. नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

शेजारी माझ्या मैत्रिणीने ओढणीसारखा मोठा स्कार्फ हातात पिळून धरला होता.

निकालाच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. शिक्षा बरीच वर्षांची होती. त्याच्या वयाला ती वर्षं म्हणजे उरलेलं आयुष्यच. धमकीचा विचार केला, असं न्यायाधीशांनी सांगितलं, पण मालाचं प्रमाण मोठं होतं. म्हातारा वाकला, जपानी लोक वाकतात तसा. हे तो कोठडीत शिकला असणार.

बाहेर आल्यावर मी अमेरिकन गृहस्थांना विचारलं, तुमच्याकडे असाच खटला झाला असता का? ते म्हणाले, बहुधा नाही. तिकडे बहुतेक खटले उभेच राहत नाहीत, आरोपी कमी शिक्षेच्या बदल्यात गुन्हा कबूल करतो आणि प्रकरण मिटतं. मग म्हणाले की इथेही सगळं सुरेख नाही, चौकशीच्या वेळी वकील शेजारी नसतो आणि सुटणारा माणूस क्वचितच. ते हे सगळं वाचून आले होते. "तरी नऊ माणसांनी बसून त्याचं ऐकलं," ते म्हणाले. "बोटीवर त्याला कुणी काही विचारलं नसतं."

निकाल लागल्यावर तिचं दुभाषीचं काम संपलं. अपिलाची मुदत चालू असेपर्यंत म्हाताऱ्याला कुणीही साधा पाहुणा म्हणून भेटू शकत होता. ती अर्ज करून गेली. स्पॅनिशमध्ये बोलायचं तर आधी परवानगी घ्यावी लागली, आणि ती भाषा समजणारा एक कर्मचारी शेजारी बसला. या वेळी तिला स्वतःची वाक्यं बोलायची होती. ती म्हणाली, पहिलं वाक्य तोंडातून निघेना, इतकी सवय झाली होती दुसऱ्याचं बोलायची.

तिने भावाचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, तो कुठल्या रस्त्याने घरी यायचा ते सांगितलं. म्हाताऱ्याने नाव दोनदा म्हणून पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं. तो टोळीचा नव्हताच, तो बस चालवणारा होता. पण त्याने विचारलं, तुझी आई कुठल्या बाजूला शोधते? तिने सांगितलं. तो म्हणाला, तिथे कालव्यातून काढलेल्या दगड-मातीची भर घातलेली आहे, सळई खाली जाणार नाही. त्याची स्वतःची बहीणही शोधणाऱ्यांत आहे. तिचा मुलगा नाहीसा झालाय. आईला तिच्याकडे जायला सांग, मी पाठवलं म्हणून.

हे ऐकून मी विचारलं की आता बोटींबद्दल तुला काय वाटतं. प्रश्न बरा नव्हता, पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती रागावली नाही. म्हणाली, ज्यांनी त्याला फोटो दाखवला ते आकाशातून आलेल्या आगीत जळाले तर मी रडणार नाही. पण बोटीत ते नसतात. बोटीत हा असतो.

मी बाबांना फोनवर ही सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, नातीचं काय झालं? मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, विचारून सांग मला.

वसंतात अमेरिकन गृहस्थांनी आपल्या राज्यातल्या निवडणुकीसाठी टपालाने मत पाठवलं. कुणाला दिलं ते मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही. मैत्रिणीने कोर्टाच्या दुभाष्यांच्या यादीत नाव नोंदवलं आहे. नात कुटुंबाबरोबर दुसऱ्या शहरात गेली, हे म्हाताऱ्याच्या बहिणीकडून कळलं, कारण मैत्रिणीच्या आईने त्या बहिणीला शोधून काढलं होतं. आता दोघी एकत्र माळावर जातात. मी मैत्रिणीला विचारलं, त्या बहिणीचा भाऊ कुणाचं सामान घेऊन पकडला गेला ते आईला माहीत आहे ना? आईला ते चालतं?

मैत्रिणीने हाच प्रश्न आईला विचारला होता. आई म्हणाली, त्या बाईला जमीन कळते.