फारच चांगला आकडा

माझे बाबा कोणाच्याही घरी गेले की आधी मीटर बघतात. समोरचा "या, बसा" म्हणेपर्यंत यांची मान दाराच्या वर वळलेली असते. एकतीस वर्षं त्यांनी वीजचोरी पकडायची नोकरी केली. मीटरला चुंबक लावणारे, मागून तार ओढणारे, चाक अडवायला फटीतून पातळ पट्टी सरकवणारे, असे शेकडो लोक त्यांनी पकडले. निवृत्त झाल्यावर चोर संपले आणि संशय तेवढा हातात राहिला. मग दूधवाल्यावर, गॅसवाल्यावर आणि माझ्यावर पाळत सुरू झाली. मी त्यांच्या चहात साखर कमी घालते आणि वर "घातलीय" म्हणून सांगते, असा त्यांचा माझ्यावर जुना आरोप आहे. तो खरा आहे.

माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अख्ख्या जगात काट्याशिवाय त्यांचा विश्वास असलेला माणूस एकच, तोही कधी न भेटलेला. समुद्रापलीकडे राहणारे एक घड्याळदुरुस्ती करणारे गृहस्थ. दोघांना हौशी रेडिओचा नाद. तेवीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला दोघं हवेत भेटायचे. एकाने तीन-चार मिनिटं बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, मग दुसऱ्याने. बाबांना ते 'मीटरवाले' म्हणत आणि बाबा त्यांना 'घड्याळवाले'. फोन नाही, पत्र नाही. एकदा सुरुवातीला पत्त्याची कार्डं एकमेकांना पाठवली होती, तेवढंच. आई म्हणायची, माझी सवत पुरुष आहे म्हणून गप्प बसते.

जिना झेपेना म्हणून आई-बाबा जुनं घर सोडून माझ्याकडे तळमजल्यावर राहायला आले, त्याला चौदा महिने झाले. मागच्या अंगणाची पट्टी लहान, कपड्यांची दोरी आणि माझी टोमॅटोची रोपं यांतच भरलेली. जुन्या घरची उंच काठी इथे मावेना. बाबांनी अर्ध्या उंचीची काठी उभी केली, बुडाशी तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं, शेजारी एक सळई जमिनीत ठोकली आणि झाला अँटेना तयार. जुन्या घराच्या अंगणात त्यांनी वर्षानुवर्षं तारा पुरल्या होत्या. त्या उपटायला वेळ कोणाला होता? शिवाय इथे गरजच वाटली नाही, कारण मीटर झकास दाखवत होता. रेडिओला जोडलेला हा मीटर, धाडलेल्या विजेपैकी किती परत येते ते सांगतो. बाबांच्या मीटरवर काटा एकास एकवर. म्हणजे काहीही परत येत नाही. बाबांनी मला बोलावून तो आकडा दाखवला. मीही कौतुक केलं.

दोन महिन्यांनी आई गेली. तीन दिवसांचा ताप, हॉस्पिटल, संपलं.

बाबा माझ्याशी तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी खोलीचं दार लोटलं आणि घड्याळवाल्यांना सगळं सांगितलं. तिने शेवटी काय मागितलं, हात कसा गार पडत गेला, सगळं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. मला रडू आलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. पोटची मुलगी भिंतीपलीकडे असताना यांनी मन मोकळं केलं ते कुठल्या परक्यापाशी! मग 'ओव्हर' झालं, थोडी खरखर झाली आणि त्या परक्याचा आवाज आला.

"बरं, बरं. छान. तुमचा आवाज पाच-नऊ. इकडे हवा चांगली आहे."

पाच-नऊ म्हणजे अगदी स्वच्छ आणि दणदणीत. या लोकांत तो आकडा रामरामासारखा वापरतात. पण ते 'छान' मला कानफटात मारल्यासारखं लागलं. बाबा बाहेर आले, गॅलरीत उभे राहिले आणि चहा गार होईपर्यंत आत आले नाहीत.

दुसऱ्या कोणी तिथेच संबंध तोडले असते. बाबांनी चौकशी उघडली. त्यांच्या मते घड्याळवाले असं बोलूच शकत नाहीत. म्हणजे हा बोलणारा घड्याळवाला नाही. त्यांचं यंत्र आणि परवान्याचा नंबर बळकावून तिकडे कोणी तोतया बसलाय. ते रोज सकाळी बोलत राहिले, आता मात्र साध्या आवाजात सापळे लावत. गुडघा दुखतोय म्हणाले तर उत्तर आलं, पाऊस नाही. 'माझी नोकरी कोणत्या खात्यात होती?' असं बाबांनी विचारलं तर उत्तर आलं, अगदी खरंय. प्रत्येक चुकीचं उत्तर तारखेवार वहीत गेलं. आठवड्यातून एकदा ते मला ती वही वाचून दाखवायचे, एखाद्या खटल्यातल्या वकिलासारखे.

मी म्हटलं, बाबा, एक पत्र टाका, सोक्षमोक्ष लागेल. तर म्हणाले, तोंडाने सांगितलेलं ज्याला कळलं नाही त्याला तिकीट लावून कळवू?

वर्ष असं गेलं. मग एका शुक्रवारी त्यांनी माझ्या हातात जाड पाकीट ठेवलं. तिकडच्या परवाना देणाऱ्या खात्याकडे तक्रार होती. अमुक नंबरावर अनधिकृत इसम बोलत आहे, चौकशी व्हावी, परवाना थांबवावा. सोबत वहीची नक्कल, बावीस पानं. सोमवारी पोस्टात टाक, म्हणाले. मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि सोमवारी टाकलं नाही. मंगळवारीही नाही. ते रोज संध्याकाळी विचारायचे, टाकलंस का, आणि मी हो म्हणायचे. साखरेच्या वेळी म्हणते तसं. तेवीस वर्षांच्या ओळखीचा माणूस खरंच तिकडे असला तर? म्हातारपणी दारात चौकशीवाले उभे करायचे, आणि तेही बाबांच्या सहीने?

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. त्याच आठवड्यात एक आजोबा आले. मी तक्त्यावर बोट ठेवलं की ते धडाधड अक्षरं सांगत. शंका आली म्हणून मी तक्ता उलटला आणि नवीन ओळ लावली. आजोबांनी जुनीच अक्षरं म्हणून दाखवली. त्यांना काही दिसतच नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या पुढच्या माणसाची उत्तरं पाठ केली होती. असे लोक महिन्याला दोन-तीन तरी येतात, आणि ते लबाड नसतात. त्यांना लाज वाटत असते. मी आजोबांना 'काही हरकत नाही' म्हणत होते आणि डोक्यात घुमत होतं, बरं, बरं, छान, पाच-नऊ.

घरी जाऊन बाबांना सांगितलं, तो तोतया नाही. त्यांना तुमचं ऐकूच येत नाहीये. अंदाजाने उत्तरं देतायत.

बाबांनी मला मीटरसमोर उभं केलं. एकास एक. काही परत येत नाही, म्हणजे सगळं वर जातंय. बघ, म्हणाले, तुझ्या डोळ्यांनी बघ. तरी मी त्यांच्या रेडिओ मंडळातल्या एका गृहस्थांना बोलावलं. जहाजावर आयुष्यभर रेडिओ सांभाळलेला माणूस, सगळे त्यांना स्पार्क म्हणतात. बाबांनी दार उघडण्याआधी मला कुजबुजत विचारलं, हा का येतोय? याला माझं तांबं हवंय.

स्पार्ककाकांनी काठी बघितली, सळई बघितली, काटा बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"आकडा फारच चांगला आहे," ते म्हणाले. "मला संशय येतो."

हे वाक्य बाबांशी बोलणारा माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता. बाबा खुर्चीवर बसले. काकांनी समजावलं ते मलाही कळलं. एवढ्या बुटक्या काठीचा स्वतःचा अडथळा फार तर आठ ओहम, आणि तेवढ्यावर खर्च होणारी वीजच हवेत जाते. मीटर खूश होतो पन्नासवर. मग वरचे बेचाळीस आले कुठून? वेटोळ्यातून थोडे आणि बाकीचे सगळे जमिनीतून. काठीतून निघालेल्या विजेला जमिनीतून परतीची वाट लागते, आणि इथली जमीन म्हणजे तिला खडकाळ रान. शंभर भाग धाडले तर सोळा हवेत जातात. उरलेल्यांनी गांडुळं शेकतात. त्यांचा अँटेना चांगला, म्हणून त्यांचं तेवढं तुम्हाला ऐकू येतं.

"पण परत काहीच येत नाही," बाबा म्हणाले.

"चोर कधी परत देतो का?" काका म्हणाले.

बाबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. एकतीस वर्षं लोकांच्या घरची चोरी पकडली आणि स्वतःच्या अंगणात चौदा महिने चोरी चालू होती, तीसुद्धा मीटरला पत्ता न लागता. ते उठले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ते पाकीट अजून तुझ्या पर्समध्ये असेल तर दे. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोस्टाची पावती मी दाखवली नव्हती. पाकीट त्यांनी कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. फाडलं नाही. पुरावा हाती यायचा होता.

शनिवारी दिवसभर आम्ही तिघांनी चोवीस तारा पसरल्या. काठीच्या बुडापासून छत्रीच्या काड्यांसारख्या चहूबाजूंनी, बोटभर खोल. माझी सगळी टोमॅटोची रोपं गेली. वरच्या मजल्यावरची बाई दोनदा खाली वाकून विचारून गेली की आम्ही काय पुरतोय. स्पार्ककाकांनी शेवटची तार जोडली आणि बाबांनी रेडिओ लावला. काटा एकास एकवरून उडाला आणि तीनच्या पुढे जाऊन बसला.

बाबा भडकले. चांगला चाललेला आकडा बिघडवला, म्हणाले. सगळ्या तारा उपटा, मला शंका होतीच, याला तांबंच हवं होतं. काका शांतपणे हात पुसत होते. आकडा बिघडला म्हणजे चोर गेला, म्हणाले, मधे बसून हिशेब जुळवून देणारा आता कोणी नाही. मग त्यांनी वेटोळ्यावरची जोड थोडी सरकवली आणि काटा खाली आणला. आता शंभरातले निम्मे तरी हवेत जातील, म्हणाले. ते गेल्यावर बाबांनी उरलेल्या तारेचं भेंडोळं मोजलं. पुरेपूर भरलं. त्याचाही त्यांना संशय आला.

रविवारी सकाळी बाबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी आत जाऊन पलंगावर बसले, त्यांनी जा म्हटलं नाही. साडेसहाला त्यांनी बटण दाबून रोजचं बोलणं सुरू केलं. हवा, गुडघा, काल तारा पसरल्या. ओव्हर. खरखर.

"मीटरवाले," आवाज आला. "मीटरवाले, आज तुम्ही ऐकू येताय."

मग ते भरभर बोलत सुटले. तुम्ही घर बदललंत तेव्हापासून नुसती गुणगुण ऐकू यायची. पहिले काही दिवस पुन्हा सांगा, पुन्हा सांगा म्हणालो. तुम्ही चिडून काहीतरी बोललात, त्यातलं 'कान तपासून घ्या' एवढंच कळलं. मी तपासले. वयाने गेलेत, डॉक्टर म्हणाले. मग म्हटलं, मीटरवाल्यांना कळलं की हा बहिरा झाला, तर ते दुसरं कोणी बघतील. म्हणून गुणगुण थांबली की आपलं काहीतरी बोलायचो. खोटं बोललो, रोज खोटं बोललो, रागावू नका.

बाबांनी वहीकडे हातसुद्धा नेला नाही.

"आता सगळं सांगा," घड्याळवाले म्हणाले. "आधी हे सांगा, नव्या घरात वहिनींचं मन रमलं का? ओव्हर."

मला वाटलं बाबा माइक माझ्याकडे देतील. मी हात पुढेही केला. त्यांनी तो न दिसल्यासारखं केलं. बटणावर अंगठा ठेवला, उचलला, परत ठेवला.

"ती गेली," ते म्हणाले. "वर्ष झालं. मी सांगितलं होतं तुम्हाला. ओव्हर."

खरखर सुरू झाली आणि थांबेचना. बाबा पुढे वाकले. आता काटा बघतील असं मला वाटलं, पण ते माझ्याकडे बघत होते, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"घड्याळवाले, ऐकू आलं का?"

"आलं," तिकडून उत्तर आलं. "पहिल्यापासून सांगा. मी ऐकतोय."

बाबांनी माझा हात धरला आणि तापाच्या पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.