आमच्या सिरियलमधून बाहेर जायचे रस्ते

शूटिंगमध्ये शूटिंग फार कमी असतं. बाकी सगळं वाट बघणं. लाइट लागायची वाट, ढग सरकायची वाट, हिरोची दाढी होण्याची वाट. माणसं रिकामी बसली की बोलतात, आणि टीव्हीतली माणसं बोलायला लागली की एकमेकांविषयीच बोलतात. त्यामुळे किस्से आपोआप साठत जातात, मेकअप रूमच्या मागे चहाचे कप साठतात तसे. कोणी उचलत नाही. म्हटलं, आपण उचलू.

मी या सिरियलची असिस्टंट डायरेक्टर. म्हणजे मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन कालच्या सीनमध्ये सासूची टिकली किती वर होती ते लक्षात ठेवणारी मुलगी. सिरियलचं नाव ‘सातजणांचं घर’. शूटिंग हडपसरच्या पुढे, आमचे प्रोड्यूसर अण्णा यांच्याच बंगल्यात. अण्णांची मूळची शेती. त्या शेतीवर आता टॉवर उभे आहेत आणि टॉवरमधून उरलेल्या उत्साहात अण्णांनी सिरियल काढली. डायरेक्टर पराग सर. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, “तू अजून लहान आहेस.” मी पंचवीस वर्षांची आहे. सिरियलमध्ये या वयाच्या बाईला दोन मुलं असतात.

सिरियल इतकी चालली की सातजणांच्या घरात आता चौघंच उरलेत. गेलेल्यांतले काही कसे गेले, ते सांगते.

*

पहिला गेला आमचा हिरो. त्याला मुंबईत वेब सिरीज मिळाली. तो अण्णांना न सांगता गेला, म्हणून अण्णांनी त्याला तो नसतानाच मारायचं ठरवलं. आमच्याकडे नियम साधा आहे. गोडीत गेलात तर तुम्ही अमेरिकेला जाता. भांडून गेलात तर भिंतीवर.

भिंतीवर जायला फोटो लागतो. हिरो फोन उचलेना. शेवटी त्याच्या सिरियलमधल्या लग्नाच्या फोटोतून त्याला कापून काढला. चेहरा छान आला, पण खांद्यावर बायकोचा हात राहून गेला. हिरवा चुडा, मेंदी, सगळं. त्यावर चंदनाचा हार.

ती बायको म्हणजे गौरी, आणि गौरीचं काम करते नाझनीन, माझी मैत्रीण. खडकीची मुलगी. कॅम्पातली बँकेतली कायमची नोकरी सोडून या रोलसाठी आली. घरी सांगितलं होतं, जमलं नाही तर परत बँकेत. बँकेने सांगितलं होतं, परत घेणार नाही. म्हणजे तिच्याकडे गौरीशिवाय काहीही नव्हतं.

तर नाझनीन पांढऱ्या साडीत फोटोखाली उभी. शेजारी सासू, म्हणजे सुहासताई. रंगभूमीवर आयुष्य गेलेल्या, पेठेतल्या, नजरेने माणूस सोलणाऱ्या. त्यांनी फोटो बघितला, नाझनीनला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

“पराग, ही इथे उभी आहे आणि हिचा हात तिथे आहे. मी नक्की कुणासाठी रडायचं ते एकदा ठरवून सांगा.”

*

हिरो मेला आणि टीआरपी पडला. मग अण्णांच्या लक्षात आलं की आपला भाचा विकी रिकामाच आहे. हिरो जिवंत झाला. दरीत पडला होता, प्लास्टिक सर्जरी झाली, चेहरा बदलला. इथवर कुणालाच काही वाटत नाही, मराठी प्रेक्षक याहून मोठे धक्के सोसून बसलाय. पण विकी जुन्या हिरोच्या खांद्याला लागतो.

मी विचारलं, “सर, चेहरा बदलला समजू शकते. उंची?”

पराग सर स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाले, “अपघात मोठा होता.”

विकीच्या पहिल्या सीनला अण्णा स्वतः मॉनिटरसमोर खुर्ची टाकून बसले. आईला खूप दिवसांनी भेटून त्याने हुंदका द्यायचा होता. विकीने जे काही केलं त्याला कॅमेरामनने पोटदुखी समजून पाणी मागवलं. अण्णा मात्र खूश. “वरिजनल हाय. कुणासारखं बी न्हाय.”

हे खरंच होतं.

*

अमेरिकेला गेलेल्यांचंही सोपं नसतं. आमचे सासरे, म्हणजे ते काम करणारे काका, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सिरियलमधून गेले. जाताना हात जोडून म्हणाले, “अण्णा, माझं अमेरिकेचं करा.” व्हिसा ऑफिसात उभं असल्यासारखे. झालं. सासरे न्यू जर्सीत मुलीकडे.

काही महिन्यांनी काका स्वारगेटला कात्रजच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी त्यांना ओळखलं.

“अहो, तुम्ही अमेरिकेत ना?”

काका जुने नट. शोभेल असं काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, “आलोय सुट्टीवर.”

“सुट्टीवर? आणि बायको रोज सातला डोळ्यांतून पाणी काढतेय, सून एकटी पोलीस स्टेशनात जातेय, आणि तुम्ही इथे बसमधून फिरताय?”

मागच्या सीटवरच्या दोघी उठून पुढे आल्या. कंडक्टरनेही सुनावलं. काका पुढच्याच स्टॉपला उतरले आणि त्या गुडघ्यांनी चालत घरी गेले. तेव्हापासून बाहेर पडताना मास्क लावतात.

*

आता नाझनीनकडे येते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आमच्या सेटवर कोण अण्णांच्या मर्जीतलं हे कळायला एकच खूण, अण्णांच्या घरचा डबा. बाकी युनिटला केटररची फ्लॉवरची भाजी. मर्जीतल्यांना अण्णांच्या वहिनींच्या हातचं मटण आणि बाजरीची भाकरी. ज्याला डबा येतो त्याचे सीन वाढतात. डबा बंद झाला की तो माणूस स्वतःच फोटो काढून ठेवतो.

सुहासताईंना अर्थातच डबा येतो. सुहासताई जन्मात मटणाला शिवलेल्या नाहीत. पण इतकी वर्षं हे अण्णांना सांगायची हिंमत त्यांनाही झाली नाही, कारण पहिल्याच दिवशी अण्णांनी “कसं झालं व्हतं?” विचारलं आणि ताईंच्या तोंडून “उत्तम” निघून गेलं. त्यामुळे त्या डबा रोज गुपचूप नाझनीनकडे सरकवायच्या. “घे. आणि बोटं चाटू नकोस, लोक बघतात.”

लोक बघत होतेच. पराग सरांनी बघितलं. अण्णांच्या घरचा डबा, नाझनीनच्या मांडीवर, रोज. त्यांनी काय समजायचं ते समजलं. दुसऱ्या आठवड्यात गौरीला दोन पानांचा संवाद आला. मग गौरी कारखाना चालवायला लागली. मग तिने एका गुंडाच्या कानफटात मारली आणि तो एपिसोड इतका चालला की हडपसरच्या भाजी मंडईत नाझनीनकडून मेथीचे पैसे घेईनात.

पराग सर मला म्हणाले, “अण्णांची नजर पारखी आहे. तू अजून लहान आहेस, तुला नाही कळणार.”

मला सगळं कळत होतं. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदाच वडीलधाऱ्यांच्या चुकीचा कुणाला तरी फायदा होत होता.

*

मग विकीचं लग्न ठरलं. मुलीचं नाव स्वीटी. स्वीटीने विकीला सांगितलं, “रोज दुसऱ्या बाईला ‘अगं ऐकलंस का’ म्हणायचं असेल तर मला हे लग्न करायचं नाही. मी करते ना तुझ्या बायकोचं काम.”

अण्णांनी पराग सरांना बोलावलं. सर दबकत म्हणाले, “पण अण्णा, नाझनीन तुमची लाडकी ना?”

“माझी? कुणी सांगितलं?”

“तुमच्या घरचा डबा...”

अण्णा वहिनींना विचारायला आत गेले. बाहेर आले तेव्हा डब्याचा सगळा प्रवास त्यांना समजला होता. सुहासताईंना ते काही बोलले नाहीत. ताईंना बोलायची टाप कुणाचीच नाही. राग निघाला तो गौरीवर.

“मारा तिला.”

मी म्हटलं, “अण्णा, निदान अमेरिकेला तरी पाठवा. परत यायची सोय राहते.”

“दोन-दोन बायका कशाला? घराण्याची सिरियल हाय ही.”

पराग सरांशी मी तासभर भांडले. ज्या मुलीवर सिरियल चालतेय तिलाच कसं काढता? सर म्हणाले, “तुमच्या पिढीला पेशन्स नाही.” मी म्हटलं, “सर, पेशंट मारायला निघालाय तुम्ही, पेशन्स मला शिकवताय.” त्यावर ते रुसले आणि त्यांनी मला दोन दिवस झुंबरं पुसायला लावली.

नाझनीनच्या घरी तर वेगळीच चर्चा. तिचे अब्बा दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झालेले, रोज सातला चाळीस इंची टीव्हीसमोर शेजारच्या चार घरांना घेऊन बसणारे. लेकीचं काम जाणार हे ऐकून ते रात्रभर येरझाऱ्या घालत होते. सकाळी त्यांनी मला फोन केला.

“बेटा, मारायचंच असेल तर हार्ट अटॅक नको म्हणावं. अपघात ठेवा. कोमा लांबवता येतो. तोवर काहीतरी होईल.”

मी ते सरांना सांगितलं. कोमा मिळाला. चार एपिसोडचा.

*

पाचव्याला गौरीचं मरण. बंगल्याची डायनिंग रूम हॉस्पिटल केली होती. नाझनीन पलंगावर, नाकात नळी. एका बाजूला विकी, दुसऱ्या बाजूला सुहासताई. अण्णा मॉनिटरसमोर, शेजारी स्वीटी, गौरीचं मंगळसूत्र आपल्याला कसं दिसेल ते फोनमध्ये बघत.

सीन ताईंचा होता. मशीनची रेघ सरळ होते आणि सासू सुनेच्या उशाशी बसून बोलते. ताई रिहर्सल करत नाहीत. रीटेकही देत नाहीत. त्यांचं म्हणणं, नाटकात पडदा एकदा वर गेला की समोरचा वाक्य विसरो, खुर्ची मोडो, थांबायचं नाही, जे घडलं ते नाटकातलंच समजून पुढे जायचं.

ॲक्शन झाली. रेघ सरळ झाली. ताई बोलायला लागल्या. मला या बाईच्या सतराशे साठ खोड्यांचा राग येतो, पण माझ्या अंगावर काटा आला. “तू माझी सून नव्हतीस गं,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

त्या थांबलेल्या क्षणात नाझनीनने डोळे उघडले. ताईंकडे बघितलं.

“आई, पाणी.”

पराग सरांचा हात ‘कट’साठी वर गेला आणि वरच राहिला. कारण ताईंची पापणीही हलली नव्हती. त्यांनी नाझनीनचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि दाराकडे बघून अशी हाक मारली की स्पॉटदादा खरंच पाणी घेऊन धावले.

विकीला यातलं काहीच कळलं नाही. तो ठरल्याप्रमाणे रडत होता. “गौरी, का गेलीस मला सोडून...”

ताईंनी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. “रडतोस काय मेल्या, जिवंत आहे ती.”

शेवटी कट झाला. अण्णा गमछ्याने डोळे पुसत होते. “वाचली रं पोरगी,” ते म्हणाले, आणि मग शेजारी बसलेल्या स्वीटीकडे त्यांचं लक्ष गेलं.

पराग सर घसा खाकरत पुढे आले. “ताई, परत एकदा घेऊ या. हिला काहीतरी गैरसमज झाला.”

“मी एकदा दिलंय.”

“पण ताई, स्क्रिप्टमध्ये ती मेलीये.”

“मग स्क्रिप्टला तसं कळवा.”

ताई पदर सावरून उठल्या. मी पलंगाशी गेले. “नाझ, मुद्दाम केलंस?”

“खरंच तहान लागली होती.” नळी अजून तिच्या नाकातच होती.

दारापाशी पोचलेल्या सुहासताई वळल्या.

“प्यायलीस का मग?”

“नाही ताई.”

“पी. उद्या तुझे संवाद आहेत.”