आबाजी गावाले गेले

शाळेतून फोन आला का उद्या सकाळी पहिल्या तासाले येऊन बसा. मले वाटलं, काढतेत आता माह्या पोरीले शाळेतून. पोरगी दुसरीत, अन् दिवाळीनंतर तिथं तोंडच उघडत नव्हती. घरी बी बोले तं हळूच, कानात. आदी असी नव्हती, आदी तं मोहल्ल्यात तिचाच आवाज सगळ्यायच्या वर. आमचे मालक बुटीबोरीले कंपनीत, त्यायची शिफ्ट, म्हणून मी एकटीच गेली. मी आठवी नापास, मॅडम काय विचारतीन अन् मले काय सांगता येईन, रस्ताभर तेच डोक्यात.

त्या शाळेत पहिला तास मनाचा असते. बाकं सरकवून लेकरं खाली गोल बसतेत, एक कापडाचा चेंडू असते, तो ज्याच्या हाती आला त्यानं सांगाचं का आज कसं वाटून राहिलं. कोणी हसाचं नाही, कोणी मधात बोलाचं नाही. मी बी पोरीच्या बाजूले बसली, मले तं नवलच वाटलं. आमाले शाळेत असं कोणी कधी विचारलं नाही बा, छडी खाल्ली का गप बसाचं.

एक पोट्टा म्हणे, "मले राग येऊन राहिला, यानं माहा शार्पनर घेतला."

दुसरा मधातच, "हा झूट बोलते, मॅडम, त्यानंच देल्ला!"

"चेंडू कोणाकडे आहे?" मॅडम म्हणाल्या, तं तो गाल फुगवून बसला.

मंग चेंडू माह्या पोरीच्या हाती आला. तिनं तो पोटाशी धरला, मान खाली. मॅडम थांबल्या, सगळे थांबले, कोणाले घाई नाही, अन् मले असं वाटे का मीच ओरडू, बोल ना वं एकदाची! शेवटी तिनं चेंडू माह्या मांडीवर ठेवला.

"आई, आता तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या.

सगळी लेकरं माह्याकडं पाहून राहिली होती. मनात होतं तेच तोंडातून निंघालं, "मले भेव लागून राहिलं."

"कायचं भेव?" शार्पनरवाल्यानं विचारलं.

"माही पोरगी बोलत नाही, त्याचं."

तवा तिनं माही मान खाली ओढली अन् कानात म्हणे, "मी बोलली तं आबाजी वापस येणार नाही."

आबाजी म्हणजे माहे सासरे. कळमन्याच्या धान्यबाजारात हमाली केली सारी जिंदगी, मंग घरी बसले तं नातीले शाळेत सोडणं-आणणं त्यायचंच काम. दिवाळीच्या आसपास तब्येत बिघडली. ते खाटेवर पडून होते तवा ही उड्या मारे, गाणे म्हणे, अन् सासूबाई ओरडत, "चूप वं, तुह्या आवाजानं त्यायले त्रास होते." मंग धंतोलीत दवाखान्यात नेलं, तिथंच गेले. पोरगी शेजारणीकडं होती. तिले सांगितलं, आबाजी गावाले गेले. आमच्यात लेकरायले असंच सांगतेत, मले बी माह्या आजीचं असंच सांगितलं होतं. हार घातलेला फोटो बी आतल्या खोलीत ठेवला, तिले दिसू नये म्हणून. अन् ती चूप राहून राहून त्यायची वाट पाहून राहिली होती.

तास संपला तं मॅडमनं मले व्हरांड्यात नेलं. मी सगळं सांगितलं.

"खरं सांगा तिला," त्या म्हणाल्या. "गावाला गेले, झोपले, असं नको. आबाजी वारले, परत येणार नाहीत, आणि त्यात तुझी काही चूक नाही. एवढंच."

"मॅडम, लेकरू भेईन."

"ती आताही भ्यालेलीच आहे हो."

घरी सासूबाईले सांगितलं तं त्या भडकल्याच. "थे मॅडम आपलं घर चालवते काय? एवढ्याशा लेकराले मरणाच्या गोष्टी सांगतेत काय कोणी?"

"आई, ती म्हणते, मी चूप बसली तं आबाजी येतीन."

सासूबाई तांदूळ निवडून राहिल्या होत्या. हात थांबला त्यायचा.

दुपारी पोरगी आली. मी तिले जवळ घेतलं. कसंतरी म्हटलं, "बेटा, आबाजी गावाले नाही गेले. ते वारले. लय बिमार होते, डॉक्टरले बी जमलं नाही."

"मी आवाज केला म्हणून?"

मी बोलाच्या आदीच सासूबाई बोलल्या, "नाही वं माय. ते तं मलेच रागवत, पोट्टीले चूप काहून करते म्हणून. तिच्या आवाजानं बरं वाटते म्हणत." अन् पदर तोंडाले लावला. मले हे माहीतच नव्हतं.

मंग पोरगी रडली, एवढी मोठ्यानं का शेजारीण दारात येऊन उभी राहिली. रडता रडताच विचारे, "कधीच नाही येणार?"

"कधीच नाही."

"तू बी मरशीन?"

माह्या जिभेवर 'नाही'च आलं होतं. पण म्हटलं, "हो. पण मले वाटते, लय वर्षं नाही."

तिनं नाक पुसलं, इचार केला, अन् म्हणे, "मंग जाशीन तं मले सांगून जाजो."

मी हो म्हटलं.

आता ती शाळेत बोलते, भांडते बी, मॅडम सांगतेत. पण सांगून जाईन म्हटलं, त्या 'हो'चं भेव मले अजून लागते.