तिसऱ्या दिवसाची कणी

आमची मांजर मेली त्याला आता वर्ष होत आलं. तिला नाव नव्हतं. आई तिला "बाई" म्हणायची, शेजारच्या म्हाताऱ्या बायांना म्हणावं तसं, आणि तीही त्याच तोऱ्यात घरात वावरायची. वडील गेले त्या वर्षी ती कुठून तरी आली आणि सात वर्षं राहिली. मी तालुक्याला एका कचेरीत कारकून आहे, सकाळी जातो, संध्याकाळी परततो. माझं लग्न टिकलं नाही, बहीण चिमूरला दिलेली. म्हणजे दिवसभर आईला बोलायला कोण, तर ती मांजर. आज भाजी काय करू, हे आई तिला विचारायची आणि तिच्याच मताने करायची, असा मला संशय होता.

उंदीर मारणं मात्र तिच्या अंगात नव्हतं. समोरून उंदीर गेला तरी ती मान वळवून बघायची, बस. "बौद्धांच्या घरची मांजर हाये, पंचशील पाळते," असं म्हणून मी आईला चिडवायचो. आई म्हणायची, "मंग? तू तरी पाळून पाह्य."

मागच्या हंगामात धान मळून घरात आलं. खरेदी केंद्र सुरू व्हायला वेळ होता, म्हणून पोती मागच्या खोलीत थप्पी लावून ठेवली. आठ दिवसांत उंदरांनी खालची पोती कुरतडली. वर बाई झोपलेली आणि खाली उंदरांचा सुखाचा संसार. मला राग आला. राग मला लवकर येतो.

उंदराला औषध घालायची एक रीत आहे. सिंदेवाहीला एका शेतकरी मेळाव्यात मी ती शिकलो आणि नंतर गावभर शिकवत फिरलो, तेवढी हौस मला आहे. उंदीर नव्या खाण्यावर भरवसा ठेवत नाही. म्हणून पहिले दोन दिवस तांदळाची नुसती कणी, तेल चोळून, करवंटीत ठेवायची. तो चाखतो, काही होत नाही, मग धीट होतो. तिसऱ्या दिवशी त्याच कणीत काळी पावडर मिसळायची. त्यात मी माझी अक्कल चालवली आणि पहिल्या दिवसापासूनच कणीत सुके झिंगे भाजून, कुटून घातले. त्या वासाने उंदीर लवकर येतील म्हणून. त्या वासाला आणखी कोण येईल, हे गावाला शिकवणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या दिवशी करवंट्या भरत होतो तर बाई येऊन बसली. आईने विचारलं, "याच्यात औषध हाये का रे बाबू?"

"नाई वं. साधी कणी हाये."

आईने चिमूटभर कणी उचलून तिच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तोच प्रश्न, तेच उत्तर. "उंदराच्या आधी हिलेच चटक लावून राह्यली तू," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात बसून पावडर मिसळली. करवंट्या भरून झाल्या आणि तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. पोती कधी उचलायची यावर त्याची टाळाटाळ चालली होती. मी तावातावाने बोलत फाटकापर्यंत गेलो. मागून आईचा आवाज आला, "बाबू, आज लसणावानी वास येऊन राह्यला. काई घातलं का याच्यात?"

त्या पावडरीला लसणासारखाच वास असतो. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कणी काळी झाली आहे हे तिला दिसलं नसणार. पण वास आला, आणि तिने विचारलं. मी फोन कानाला तसाच धरून म्हणालो, "नाई वं, काई नाई." दोन दिवस दिलेलं उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडलं. मी वळूनही पाहिलं नाही.

फोन संपवून मी करवंट्या जागोजागी ठेवल्या, खोलीला कडी घातली आणि कचेरीत गेलो. अकराच्या सुमारास आईचा फोन आला की बाई ओकून राह्यली, तिला उभं राहता येत नाही. घरी आलो, आईला मागे बसवलं, बाईला तिच्या मांडीवर पिशवीत ठेवलं आणि गाडी गुरांच्या दवाखान्याकडे पळवली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हणालो, उंदराचं औषध. याच्यावर उतारा नाही, ते म्हणाले, तरी त्यांनी एक सुई दिली. आई शेजारी उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती की नाही, मला माहीत नाही, कारण मी टेबलावरून नजर हलवली नाही.

परतताना सागाचं जंगल लागतं तिथे आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हळू चालव आता. घाई नाई राह्यली."

धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली तिला पुरलं. आई रडली नाही. रडली असती तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो, आणि तेही खोटं आहे.

पुढच्या रविवारी विहारात मी आईच्या शेजारी बसलो होतो. पंचशीलातलं पहिलंच शील प्राण्याचा जीव न घेण्याचं. लग्न होऊन आली तेव्हापासून आई ते न अडखळता म्हणत आली. त्या दिवशी पहिल्या शीलाला तिचे ओठ मिटलेले राहिले. दुसऱ्यापासून हलले. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघे दुखतात म्हणाली आणि तेव्हापासून गेलेली नाही. मला सांगायचं होतं की तू विचारलं होतंस, मी नाही म्हणालो, तुझा काही दोष नाही. एवढंच बोलायचं आहे. रोज जेवताना ते घशाशी येतं आणि मी घासाबरोबर गिळतो. आता आई भाजी काय करू हे कोणालाच विचारत नाही. जे हाताला येतं ते शिजवते आणि मी निमूट खातो.

उन्हाळ्यात बहीण आली. ओसरीवर चहा घेताना तिने सरळ विचारलं, "काऊन वं आई, त्याच्यात औषध हाये म्हणून यानं तुले सांगतलं नव्हतं का?"

मी कप खाली ठेवला.

"सांगतलं होतं," आई म्हणाली. "फोनवर होता, तरी सांगतलं त्यानं मले. मीच आयकलं नाई."

बहीण माझ्याकडे वळली. आईचे कान गेले आहेत आणि तुझं लक्ष नाही, म्हणून तिने मला झापलं. पुढच्या आठवड्यात दाखवून आण, म्हणाली. मी हो म्हणालो.

आणि नेलंही. आई एका शब्दाने नको म्हणाली नाही. कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, बाहेर आणून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. या वयात इतकं स्वच्छ ऐकू येणारी माणसं कमी असतात, असं ते मला म्हणाले. आईने तेही ऐकलं.