बाबांच्या गाडीचा धूर

बाबांची सतरा वर्षांची गाडी पीयूसीत दुसऱ्यांदा नापास झाली. कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेच्या दुप्पट होता.

"काहून पण? परवाच सर्व्हिसिंग केली ना गा," बाबा तपासणाऱ्याला म्हणाले.

"काका, इंजिन चांगलं आहे. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर झिजला. तो बदलावाच लागते."

तीन मेकॅनिकांकडे विचारलं. या गाडीचा तो पार्ट येणंच बंद झालं होतं. लकवा झालेल्या आईला बाबा याच गाडीतून दवाखान्यात व्यायामाला नेत.

पीयूसीशिवाय गाडी रस्त्यावर काढता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑटो बोलावला. आईचा पाय ऑटोत चढायला उचलेना. बाबा आणि मी तिला दोन्हीकडून धरून उभे होतो, आणि ती म्हणत होती, "राहू द्या आता."