पेठेतली चारशे बारा पावलं

गावाच्या वेशीपासून आमच्या वस्तीपर्यंत यायला दोन वाटा आहेत. पेठेतून आलं तर चारशे बारा पावलं, ओढ्याकडून गावाला बाहेरून वळसा घातला तर एक हजार शहाण्णव. मोजणी माझी आहे. तीनदा केली, दर वेळी पाच-सात पावलांचा फरक पडला, म्हणून मधला आकडा धरला.

आम्ही बौद्ध. बाहेरची वाट आमच्या लोकांची. कागदावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आमची वरात आणि आमची तिरडी ओढ्याकडूनच जायची. वडील एकाहत्तरच्या लढाईनंतर पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा वेशीत एसटीतून उतरले. अंगावर वर्दी, खांद्यावर ट्रंक. ते सरळ पेठेकडे निघाले. न्यायला आलेल्या आजोबांनी ट्रंकेला हात घातला आणि म्हणाले, "आजच्या दिशी तंटा नको. भाईरनं चल."

आघाडीवर वडील सगळ्या जातींच्या माणसांबरोबर एकाच लंगरात जेवले होते, एकाच बाटलीतलं पाणी प्याले होते. ते बाहेरून आले. त्यानंतर त्यांनी पेठेत पाऊल ठेवलं नाही. कारण सांगितलं नाही, वादही घातला नाही. पेपर, दूध, दवाखाना, सगळं ओढ्याकडून.

पेठ मात्र बदलत गेली. मी तिथूनच शाळेत गेलो, कुणी अडवलं नाही. ग्रामपंचायतीत आमच्या वस्तीची जागा आली, पुढे बायकांच्या जागा आल्या. धाकटा भाऊ फौजेत भरती झाला आणि वर्षभरातच कारगिलची लढाई लागली. त्या उन्हाळ्यात पेठेतल्या किराणा दुकानदारानं टीव्ही बाहेर ओट्यावर मांडला होता. ज्या ओट्यावर आमची माणसं कधी टेकली नव्हती, तिथे माझ्या आईला खुर्ची मिळाली. भावाच्या पलटणीचं नाव येतंय का, ते सगळी पेठ तिच्याबरोबर बघायची. वडील तेव्हाही घरीच, रेडिओपाशी.

भाऊ धडधाकट परतला आणि दोन वर्षांपूर्वी सुभेदार म्हणून रिटायर झाला. आमच्या भागात आता फौजी रिटायर झाला की मिरवणूक काढतात: उघडी जीप, डीजे, फुलं. ग्रामपंचायतीला मिरवणुकीचा मार्ग लिहून द्यायचा होता. ते काम माझ्याकडे आलं, कारण अशी कामं माझ्याकडेच येतात. मी नीट अक्षरात लिहिलं: वेस, ओढा, पाण्याची टाकी, वस्ती.

सरपंचबाई पेठेतल्या. सून होऊन गावात आलेल्या. त्यांनी कागद वाचून मला विचारलं, "भाऊ, ह्यो मार्ग कोनी काढला?"

"मी."

"आमी पेठेत रांगोळ्या काढनार हाय. तुमी गावाला वळसा घालून कुटं निघालाय?"

पेठेतून न्यायला कुणाची मनाई नव्हती. मी कुणाला विचारलंही नव्हतं. हातानं आपोआप ओढा लिहिला होता. त्यांच्याच टेबलावर मी तो खोडला आणि पेठ लिहिली.

मिरवणुकीच्या सकाळी जीप वेशीत उभी होती. वडील छातीवर पदकं लावून आले, पण पेठेचं तोंड दिसताच थांबले. "तुमी व्हा म्होरं. मी भाईरनं येतो."

भाऊ जीपमधून खाली उतरला. "मग मी बी भाईरनं येतो, आबा."

"तू सुभेदार हायस. मी हवालदार. माज्यामागं कशाला येतुस?"

"घरात हवालदार सीनियर."

डीजेवाला गाणं लावून बसलेला, बाया रांगोळीपाशी ताटं घेऊन उभ्या, आणि शेकडो माणसं एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. वडिलांनी पेठेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती पावलं म्हनतुस?"

"चारशे बारा."

"जीप नको. चालत जाऊ."

ते पुढे, भाऊ मागे, त्याच्या मागे मी आणि रिकामी जीप. निम्म्या वाटेवर, किराणा दुकानाच्या ओट्यावर, दुकानदाराचे थकलेले वडील बसले होते. आमच्या आबांच्याच वयाचे.

"हवालदार, च्या घेऊन जा."

"आरं, मिरवणूक थांबंल की."

"पन्नास वरसं थांबलीच हुती न्हवं? आनकी पाच मिंटं."

आधी ओट्यावरचा म्हातारा हसला, मग आबा. डीजे बंद झाला. आबा त्या ओट्यावर टेकले आणि चहा पिईपर्यंत सगळं गाव उभं राहिलं. चारशे बारा पावलांना एक तास दहा मिनिटं लागली. वस्तीवर पोचल्यावर आबा म्हणाले, "तुजी मोजनी चुकलीय. माजी चारशे चाळीस झाली."

मी म्हणालो, "तुमची पावलं आता आखूड पडतात."

"माजी मिलिटरीची पावलं हायत. तुजी चुकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर आणायला निघाले. पदकं नाहीत, डीजे नाही, हातात पिशवी. मी दारातून बघत राहिलो. ओढ्याकडे जाणारा फाटा आला. ते तिथे थांबले नाहीत, सरळ पेठेत शिरले.

बाहेरच्या वाटेनं पेपर आणायला त्यांना चाळीस मिनिटं लागायची. आता वाट निम्म्याहून कमी झाली आणि वेळ दीड तासावर गेला आहे. मी रोज बघतो. किराण्याच्या ओट्यावर पेपर आधी वाचून होतो, मग घरी येतो.