मनगटाची दोरी

सिल्वासात मास्तरकी करत होतो तेव्हा मी रोज सकाळी दमणगंगेच्या पात्राकडे फिरायला जाई. तिथे एक खानदेशी माणूस जुनी मोटरसायकल खडकांवर सावकाश चढवायला शिकत असे. पाय न टेकता दगडधोंडे पार करायच्या शर्यती असतात, हे त्यानंच मला सांगितलं. भंगारातून आणलेल्या त्या गाडीची सीट त्यानं काढून टाकली होती, चाकांतली हवा कमी केली होती. डाव्या हाताला दोनच बोटं उरलेली, म्हणून क्लचचा दांडा वाकवून जवळ घेतला होता. नाव मी कधी विचारलं नाही.

इंजिन बंद करायच्या बटनाला त्यानं दोरी लावली होती. निघताना तिचं टोक तो दातांनी ओढून मनगटाला बांधी.

"एवढ्या हळू गाडीला हे कशाला?" मी एकदा हसून विचारलं.

"मी पडलो का गाडी बी बंद पडली पायजे, सर. मसाटला कारखान्यात आमच्या मशीनची जाळी उघडली का मशीन आपोआप थांबायची. थांबली का सुपरवायझर शिव्या द्यायचा. म्हणून जाळीचं बटन मीच रबरानं दाबून बांधलं व्हतं. मंग हात गेला आत. मी ओरडत व्हतो अन् ती चालूच."

एवढं बोलून तो खडकावर चढला. चाक घसरलं, तो गाडीसकट आडवा झाला. मी धावलो. गुडघ्यातून रक्त येत होतं, तरी तो उठेना. दोन बोटांचा हात वर करून त्यानं मला थांबवलं.

"ऐका," तो म्हणाला.

मी कान दिला. गाडीचा कसलाच आवाज नव्हता.